चौकोन

जांबोटीच्या वर, आमच्या दूध संस्थेत,
पावतीवर नावांच्या जागी चौकोन यायचे.
मष्णू गावडे म्हणजे पाच चौकोन,
जराशी मोकळी जागा,
पुन्हा पाच.

चेअरमन म्हणाले, एक फॉन्ट घाल की.
एक.

रेंज इथं नाही. म्हणून सव्वासातच्या गाडीनं
पेनड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात घालून बेळगाव,
खडेबाजारात ईरण्णाचं दुकान.
तो कन्नडात नेटला शिव्या देतो,
मराठीत मला चहा.

फॉन्ट उतरवला, चढवला.
आता छापणारा प्रोग्राम म्हणाला,
अक्षरं जोडणारी एक लायब्ररी लागते मला,
ती कुठंय?

नाव लिहून घेतलं तिकिटाच्या पाठीवर.
दुसरी खेप.
ती आली तर तिला आणखी दोन हव्या,
त्यातली एक आहे म्हणे, पण जुनी,
जुनी चालत नाही.
तिसरी खेप. कंडक्टर विचारायला लागला,
कोण ॲडमिट आहे काय हो?

ईरण्णाकडे कन्नड पावत्यांचं मशीन चालतं रोज.
त्याच्याच फोल्डरात सापडली ती लायब्ररी.
अरे, हीच, मी म्हटलं.
हीच की, तो म्हणाला,
आमचा ळ पण हीच जोडते,
आणि पाकीट परत खिशात घालायला लावलं.

शेवटी राहिली दोन पॅकेजं.
ही म्हणे, आधी ती बसू दे.
ती म्हणे, आधी ही.
रात्री अकरापर्यंत उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या
दोन जावा.
मग सुचलं, दोघींची नावं
एकाच ओळीत लिहिली, एकाच आज्ञेत.
गेल्या आत, गुमान.

पहाटे पाचला कॅन घेऊन मष्णू.
प्रिंटर करकरला.
मी पावती दोन्ही हातांनी दिली,
षला ण जोडलेला, णला ऊकार,
जिथल्या तिथं.

त्यानं नावाकडं बघितलंसुद्धा नाही.
बोट खाली सरकवलं, आकड्यावर थांबवलं.
फॅट तीन पॉइंट एक?
चौकोन होते तेच बरं होतं, बाबा,
म्हणाला, आणि कॅन उलटा करून
उरलेलं दूध निथळत राहिला.