रीळ बदलताना

स्वान्सीच्या जुन्या थिएटरात
बावीस माणसं, निम्म्यांना टक्कल,
आणि तिसऱ्या रांगेत ग्लेनिस, मांडीवर ओला कोट.
पडद्यावर एकोणीसशे बहात्तर.

कॅमेरा गायकावर लट्टू.
त्याचे केस, उघडी छाती,
माइकच्या दांडीला तो देतो ते झोके.
एम्रिस कुठंय?
डावीकडे, अँप्लिफायरच्या आडोशाला
एक कोपर. एक बूट.
बुटाची नाडी सुटलेली. कायम सुटलेलीच असायची.
तिनं मोजलंय मागे एकदा:
दीड तासात अकरा सेकंद भाऊ.

मग कॅमेऱ्यातली फिल्म संपते.
नवं रीळ चढेपर्यंत पडदा काळाकुट्ट.
आवाजाचं यंत्र वेगळं, ते आपलं चालूच.
लोक चुळबुळतात. कुणी चॉकलेटचा कागद सोडवतं.
तेवढं एक गाणं हातून निसटलं, असं
दिग्दर्शक हळहळायचा मुलाखतींत.

निसटू दे.
आता ना केस, ना छाती,
गायकही दम खायला थांबलेला,
आणि खालून, फरशीखालून यावा तसा
बेस.
चार सूर. परत तेच चार.
माडीवरच्या खोलीत वाजायचे,
खालून आई छताला झाडूचा दांडा ठोकेपर्यंत.
तिसऱ्या सुरावर तो किंचित उशिरा पोचतो,
जेवायला हाक मारल्यावर यायचा तसा.

ग्लेनिस डोळे मिटत नाही.
काळ्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी
बघत राहते.

मग उजेड होतो,
आणि पुन्हा ते केस.