टेस्टिंग

मार्चपासून तीनदा गॅस भरला मी.
एकदा देवपुरात, एकदा साक्री रोडला,
एकदा शिरपूरच्या त्या काचेच्या वर्कशॉपमध्ये,
जिथे पाण्याच्या बाटलीवरही त्यांचंच नाव होतं.
तिन्ही वेळा पावती. तिन्ही वेळा आठ दिवस गारवा.
नवव्या दिवशी नरडाण्याच्या अलीकडे
जाळीतून पुन्हा तीच झळ,
कुणी तापला तवा तोंडासमोर धरावा तशी.

लोटन मिस्तरीचं नाव सांगितलं पेट्रोल पंपावरच्या बाईनं.
पारोळा चौफुलीच्या पुढे, कडुलिंबाखाली चार पत्रे,
पत्र्यांवर टायर,
आणि जाळी नसलेला एक टेबलफॅन,
त्याचं तोंड इंजिनाकडे, माणसांकडे नाही.

"साहेब नही उनात?"
म्हटलं, गाडी माझी, हप्ते माझे,
घामही माझाच.
तो हसला नाही. बॉनेट उघडलं,
पायपांवर साबणाचा फेस लावला
आणि दूध उतू जायची वाट पाहावी
तसा बघत उकिडवा बसला.
एक बुडबुडा आला नाही.
"लबाड शे," तो म्हणाला.
गळतीला म्हणाला. मला वाटलं तसं नाही.

मग आत काहीतरी हिरवं सोडलं,
अर्धा तास इंजिन घुमवलं,
बंद केलं. बॉनेटवर गोधडी टाकली
आणि निळा टॉर्च माझ्याच हातात दिला :
"तुम्हीच देखा."

बाहेर चव्वेचाळीस. गोधडीत किती, देव जाणे.
धुरकट, ऑइलकट अंधार,
गोधडीला आतून कुणाच्या तरी लुगड्याचा काठ,
कानात माझंच रक्त.
आधी काहीच नाही.
मग एका सांध्यापाशी
ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका पेटला.
केवढासा.
पाच हजार चारशे रुपये
या वाटेनं गेले होते,
कुणालाही न सांगता.

साठ रुपयांची रबरी कडी,
आणायला मोईन सायकल घेऊन गेला,
आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.
मी पॉलिसीवाली, वय विचारायची जुनी खोड.
पोरगं मिस्तरीकडे बघतं.
"अठरा," मिस्तरी म्हणतो.
मी लिहून घेतलं नाही.

मग पंप घुरघुरत राहिला पाऊण तास.
मिस्तरीनं डबा उघडला, कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा,
अर्धी मोईनला, चतकोर मला,
न विचारता, पान्हा सरकवावा तशी.

तीन वाजले. गॅस भरून झाला.
थर्मामीटर जाळीत खोचून
मोईनला आत बसवलं, काचा वर केल्या.
"सात वर उना की सांग."
आम्ही बाहेर उभे. मांजर चाकामागं.
पाच मिनिटं. दहा.
काचेला हात लावला तर काच गार,
आत पोराची मान कलंडलेली,
तोंड उघडं, वरच्या ओठावर
नुसती मिशीची चाहूल.
सुई कधीच सातवर पोचली होती.

मी दाराकडे हात नेला.
मिस्तरी दुसऱ्याच गाडीचा नट आवळत म्हणाला,
"राहू द्या जरा. टेस्टिंग चालू शे."
पेट्रोलचा काटा मला दिसत होता.
मी टायरवर बसले,
ओढणीनं वारा घेतला,
सोनगीरच्या एका गिऱ्हाइकाला फोन करून
उद्याची वेळ दिली.

बिलात काय काय होतं ते मी वाचलं दोनदा.
घासाघीस केली नाही असं नाही.
दीडशे कमी केले त्यानं, कपाळाला आठ्या घालून.

अवधानच्या पुढे लक्षात आलं,
थर्मामीटर अजून जाळीतच आहे.
सीटच्या मानेपाशी तेलाचा गोल डाग,
खोबऱ्याचं की ग्रीसचं, कळेना.
गाडी बाजूला घेऊन फोन लावला.
मागून तोच पंप, तीच घुरघुर.

"ठेवा तुमपान, ताई," मिस्तरी म्हणाला,
"आपले काय,
हात लावीसन समजस."