पाचव्या दिवसाचं पाणी

स्रवंती सांगते, इलिगनमध्येही गिरण्या होत्या.
पोलादाची बंद पडली, फाटकावर वेल चढलाय.
सिमेंटची अजून धूर सोडते.
मी म्हटलं, मग तू सोलापुरातच आहेस की गं,
डॉक्टर व्हायला विमानात कशाला बसवलं तुला?
ती हसली. म्हणाली, नाना, इथे धबधबे आहेत.
विसाच्या वर.

मी टॉवेलवाला माणूस.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चार माग सांभाळतो.
वीस धबधबे म्हणजे किती बॅरल,
ते मला धरता येईना.

तिनं फोटो पाठवला.
मधोमध एक खडक, पाण्याचे दोन भाग करून बसलेला,
वाटणीला बसलेल्या थोरल्या भावासारखा.
मग म्हणाली, पण हे रोज असं नसतं.
वरच वळवतात पाणी, वीज काढतात,
शहर त्याच्यावरच चालतं.
पुरता धबधबा सोडतात तो ठरलेल्या वेळी,
लोक तिकीट काढून बघायला येतात.

मी बायकोला हाक मारली :
अगं राजम्मा, त्यांच्याकडेही सोडतात म्हणे!
व्हॉल्व्ह असणार. व्हॉल्व्हमनही असणार,
आपल्या इरण्णासारखा,
कुणाच्या गल्लीचा आधी फिरवायचा ते ठरवणारा.

आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं.
कधी सहाव्या. रात्री दोनला, अडीचला,
वेळ इरण्णालाही ठाऊक नसते.

तसा धबधबा मीही पाहिलाय, पोरी.
मिलच्या मागच्या भिंतीतून एक पाइप बाहेर यायचा,
पुरुषभर उंचीवरून नाल्यात पडायचा,
गरम. भोंगा झाला की आम्ही चड्ड्या काढून पळायचो.
रंगखात्यात लाल काढला असेल त्या दिवशी लाल,
हिरवा असेल तर हिरवा.
आई मानेवरून ओळखायची आज कुठली चादर रंगली
आणि त्याच रंगावर पाठीत धपाटा घालायची.
मिल बंद झाली त्या आठवड्यात
आम्ही सातजण पाइपाखाली उभे होतो.
आधी कोमट झालं. मग बोटाएवढं झालं.
मग पाइपातून एक पाल बाहेर आली.

किल्ल्याचं विचारलं मी तिला.
म्हणाली, होता, परक्यांनी बांधलेला, नदीकाठी.
नदीनंच नेला.
आपला बघ, अजून उभाय,
खंदक आहे, खंदकात पाणी नाही,
कोण नेणार त्याला?

ती ज्या घरी राहते तिथली म्हातारी, लूझ तिचं नाव,
पाऊस लागला की रात्री झोपत नाही.
एका डिसेंबरात झोपेतच पाणी आलं होतं,
डोंगरावरचे ओंडके घेऊन,
नदीकाठची घरं सकाळी नव्हती.
तेव्हापासून ती कौलावरच्या थेंबाला उठून बसते,
चपला उशाशी, कागदपत्रं पिशवीत.

हे मी राजम्माला सांगितलं नाही.
तीही उठून बसते ना थेंबाला,
घागरी उशाशी, पाइप पिशवीत.
एकाच आवाजाला दोघी दोन बाजूंनी घाबरतात,
हे विड्या वळणाऱ्या बाईला
कुठल्या तोंडानं समजावू?

परवा स्रवंतीनं पहाटे फोन लावला.
तिथे पाच, इथे अडीच.
नाना, ऐका, म्हणाली, आणि फोन त्या पाण्यासमोर धरला.
मी स्पीकर लावला.
शेडमधले सगळे माग एकदम सुरू केल्यासारखं,
पण धोटा नाही, तुटलेला धागा नाही,
नुसतं पडणं.

राजम्मा ताडकन उठली.
पाणी आलं! ओरडली, ती तेलुगूत,
आणि शेजारच्या दुडमांची सून उठली,
मग त्यांच्या पलीकडचे शेख,
मग खालच्या अंगाचे हत्तुरे,
बादल्या, कळश्या, मोटारीचा पिन लावताना ठिणगी,
अख्खी गल्ली नळावर वाकलेली
आणि नळ हवा सोडताहेत, फुस्स, फुस्स.

फोन चालूच होता.
कुणाच्या घरी आलंय, विचारत होते सगळे.
मी म्हटलं, माझ्या पोरीच्या.
राजम्मानं घागर खाली ठेवली नाही.
फोनजवळ आणून टेकवली
आणि उगीच एकदा आत बघितलं.