तिसरी पाळी

रात्री दोनला दादा उठून बसतात,
खाटेखाली चप्पल चाचपतात.
सिस्टरनं कागदावर लिहिलं: बेचैन.

गोळी दुसऱ्याच आजाराची.
खोक्यावरचं बारीक मी वाचलं:
वृद्धांना देऊ नये.
‘सबको देते हैं, दीदी.’
चाळीस खाटा, ती एकटी,
डोळे तिचेही मिटत होते.
मी खोकं परत दिलं.

आता सकाळचे दहा.
पोहे आणलेत, जिरावण घालून.
दादांच्या ओठाशी कालचा दलिया वाळलेला.

कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही वेळेवर,
की मालवा मिलमध्ये एकतीस वर्षं
रात्री दोनला
मागांना तेल द्यायचं असे.

अंगठा तेवढा जागा आहे.
चादरीवर दाबतोय, थांबतोय, दाबतोय,
बुधलीचं बूड
हाताला लागत नाहीये.