तीन गुंजा

दिवाळी आटोपली की रेवता सोनझारी येते,
माझ्या दुकानाचा वर्षाचा केर विकत घ्यायला.
ओट्याच्या फटी टोकरते, पायपुसणं झटकते,
नालीतला काळा गाळ लाकडी पाटीत भरून
वैनगंगेवर नेते. मागून पोरगा, पाऱ्याची बाटली घेऊन.
काय निघतं ते ती सांगत नाही,
मी विचारत नाही.

त्या वर्षी मात्र चौथ्या दिवशी परत आली.
लुगड्याची गाठ सोडली.
"हे तुमच्या केरातलं नाही जी. नदीतलं हाये."
मसुराच्या दाण्याएवढं.
काट्यावर ठेवलं : तीन गुंजा, किंचित खाली.
भिंगातून पाहिलं तर सिंह, नाहीतर कुत्रा,
मान मागं वळवलेली,
कुणी हाक मारली
आणि तेवढ्यात ठसा पडला असावा.
पाठीवर जिलबीसारखी अक्षरं.

"काय लिवलं हाये?"
मिरचीच्या सातऱ्यावरून मल्लय्याला बोलावलं.
त्यानं बराच वेळ डोळे बारीक केले.
"आमच्यासारखंच दिसतं. पण आमचं नाही.
हा एवढा श्री असेल.
बाकीचे मला ओळख देत नाहीत."

मास्तर म्हणाले, पणम म्हणत याला,
होयसळांचं असेल, कदंबांचं असेल,
दक्षिणेतून इतक्या वर कसं आलं देव जाणे.
कुणी धान घेतलं असेल, कुणी नावाड्याला दिलं असेल,
नावाड्याच्या हातून निसटलं असेल.
मग म्हणाले, तहसीलला कळवावं लागेल.

रेवताची मूठ मिटली.
मास्तर गेल्यावर म्हणाली, "वितळवा.
शिक्का पोलिसाले दिसते, सोनं दिसत नाही."

मी नाही म्हणू शकलो असतो.
मुशीत टाकणखार टाकला, नळी तोंडाला लावली.
आधी कान गेले, मग शेपूट.
मान शेवटपर्यंत वळलेलीच होती.
सातशे वर्षं, आणि माझे दोन श्वास.
थेंब निवल्यावर पुन्हा काट्यावर ठेवला :
तीन गुंजा, किंचित खाली.
काहीच कमी झालं नव्हतं.
काट्याचा इतका राग मला कधी आला नाही.

त्या दिवसाच्या भावानं पैसे दिले. वर दहा जास्त,
का दिले, ठाऊक नाही.
थेंब अजून डबीत आहे, कापसात.
किती नथी करून दिल्या त्यानंतर,
त्याला हात लावला नाही.

यंदा रेवता आली. केर बांधून झाल्यावर
उंबऱ्यात थबकली, मान वळवून म्हणाली,
"तो कुत्राच होता जी.
सिंह आपल्याकडे काहून येईन?"