खाडा

जानेवारीच्या एक तारखेला
मी प्रत्येकाच्या खात्यात पंधरा दिवस जमा करते.
अर्जित रजा. निळी शाई.
जुलैत पुन्हा पंधरा.
तीनशेच्या वर गेले की लाल रेघ,
शेजारी बारीक अक्षरात: व्यपगत.
गेलेले दिवस कुठं जातात
ते नियमावलीत नाही.

आस्थापना विभाग, खिडकीकडचं टेबल,
बाहेर पुणे रस्त्याची धूळ.
एकवीस वर्षं झाली.
आता अर्जाची घडी उघडायच्या आधीच
मला सोलापूर कळतं.
किरकोळ रजा, एक दिवस, 'घरगुती कारणास्तव' :
म्हणजे विडी घरकुलात आज पाणी.
पाचव्या दिवशी येणार, पहाटे तीनला की दुपारी,
कुणी सांगत नाही,
पण पिंपाशी माणूस पाहिजे.

गड्ड्याच्या आठवड्यात तर सगळं खातंच आजारी.
हलकुडे सरांच्या वैद्यकीय दाखल्यावर
भज्यांच्या तेलाचा डाग होता.
मी बरोबर डागावर शिक्का मारला.

येमूलबाई सोमवारी येतात.
परिवर्तित रजा: दोन अर्धपगारी दिवस मोडायचे,
एक पूर्ण पगाराचा करायचा.
"अजून किती मोडता येतील हो?"
अठ्ठावीस, मी म्हणते.
त्या बोटांवर काहीतरी मोजतात,
मालकांच्या केमोच्या तारखा असतील,
मी वही मिटत नाही तोवर उभ्याच.

फाटकावरच्या रियाज बागवानला
माझ्या वहीत पान नाही.
तो एजन्सीचा.
ताप आला की तापासकट ड्युटीवर येतो.

आमचे अण्णा अशोक चौकात मागावर.
चादरी. नगावर पैसे.
त्यांच्या तोंडात रजा हा शब्द मी कधी ऐकला नाही,
खाडा ऐकला.
खाडा म्हणजे हजेरीत भोक,
शनिवारच्या पगारात तेवढंच भोक.
वीज गेली की कारखान्याच्या पायरीवर बसायचे,
कानातला कापूस काढून,
तो एक आराम, मालकालाही नको असलेला.
मी झाले तेव्हा अडीच दिवस घरी राहिले.
आई हसून सांगायची, अडीच दिवसांचा खाडा आहेस तू.
चिडले की तेही हाक मारायचे:
ए खाड्या!
मुलगी असून.

परवा स्वतःचं पान उघडलं.
तीनशे. काठोकाठ.
एक जुलैला येणारे पंधरा
उंबऱ्यावरूनच परत जाणार.
म्हणून अर्ज केला, पंधरा दिवसांचा.
कारणाची चौकट कोरी सोडली.
लग्न नव्हतं, आजार नव्हता,
पाणी तर आदल्याच दिवशी येऊन गेलेलं.

घोंगडेसाहेबांकडून अर्ज परत:
'कारण नमूद करावे.'
मी नमूद केलं: कारण नाही.
ते स्वतः टेबलापाशी आले, चष्मा कपाळावर.
"मॅडम, तुम्हीच लोकांचे अर्ज परत पाठवता की.
टाका काहीतरी."
एकवीस वर्षं दुसऱ्यांचं वाचलेलं
मी स्वतःच्या हातानं लिहिलं,
घरगुती कारणास्तव.
सही झाली.

संध्याकाळी फाटकाशी रियाज,
जूनच्या उकाड्यात कानाला मफलर बांधून.
"सुट्टी लागली म्हणे, मॅडम?"
हो म्हणाले.
"बरं झालं. कुठं जाणार?"
कुठंच नाही, म्हणणार होते,
पण त्याचे डोळे तांबडे दिसत होते,
आणि फाटकाची साखळी त्याच्या हातून
दोनदा सुटली.

पर्स उलटीसुलटी केली.
पाकिटात तापाची गोळी होती,
एकच,
तीही मागच्या आठवड्यात
मी अर्धी मोडून घेतलेली.