ताशी पाच

विशाखापट्टणमहून निघालो तेव्हा थंडी नव्हती.
शहाण्णव चाकांची ट्रॉली, वर ताडपत्रीत बांधलेला
दोनशे टनांचा ट्रान्सफॉर्मर,
आणि त्याच्याही वर मी, हातात चौदा फुटी बांबू,
टोकाला आडवी पट्टी.
रस्त्यावरून गेलेली प्रत्येक तार उचलायची,
खालून भार जाऊ द्यायचा,
मग तार परत ठेवायची,
झोपलेल्या लेकराच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तशी.

सालूरच्या घाटात नऊ दिवस.
कोरापुटात टायर फुटला तर अख्खा बाजार बघायला उठून आला.
जगदलपूरला भात, राजनांदगावला भात,
भातावरचं आंबट तेवढं बदलत गेलं.
पुढच्या इंजिनातून सर्वजीत पंजाबीत शिव्या द्यायचा,
मागच्यातून अप्पलनायडू तेलुगूत उत्तर द्यायचा.
भांडण कधी लागलं नाही,
दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं.

भंडाऱ्याला वैनगंगेवर पाच दिवस अडकलो.
साहेब म्हणाले, पुलावर भार एकटाच जाईल,
बाकी सगळे खाली उतरा.
आम्ही मागून चालत निघालो, मयतीला चालतात तसे,
फक्त कुणी रडत नव्हतं.
मधोमध आईचा फोन.
नदीवर आहे, म्हटलं.
"मंग ये ना झनक जेवाले, लाखोरीची भाजी केली."
बारा किलोमीटर.
तारा धरून एक रात्र.
परतताना, म्हटलं.

पारडी नाक्यावर पहाटे चार.
जड वाहनाला शहरात रात्रीच शिरता येतं,
आणि रात्र तर संपत आलेली.
समोर नागपूर, पिवळं, अर्धं जागं,
आणि आम्ही कडेला.
मागून दुधाची गाडी आली, हॉर्नवर हॉर्न,
खिडकीतून डोकं काढून एक जण ओरडला,
"सरक ना बे! रोड का तुह्या बापाचा हाय?"

एकेचाळीस दिवस लोक ट्रॉलीशीच बोलले होते:
किती चाकं, किती टन, आत काय हाय.
हा पहिला माणूस
जो माझ्याशी बोलला.
मी खुळ्यासारखा हसत बाजूला झालो.

सर्वजीत झोपला. मी बांबू ट्रॉलीला टेकवला
आणि पहिल्या बसनं इतवारीत उतरलो.
शटर वर जात होती. सिंधी शेठ गल्ल्यावर उदबत्ती फिरवत होता,
हमाल छत्तीसगढीत हसत होते,
एक बाई गोंडीत फोनवर कुणाला तरी समजावत होती,
किंवा दटावत. सूर एकच असतो.
मोमीनपुऱ्याहून आलेल्या पोरानं
सायकलवरचे गरम पाव दाखवत उर्दूत विचारलं, कितने?
बोटं वर केली: दोन.

चहावाला म्हणाला, "कुठून येऊन राह्यले भाऊ?"
मी बैठक मारून सुरुवात केली,
समुद्रापासून.
"असं होय," तो म्हणाला. "साखर कमी?"

गल्लीत वर पाहिलं. या घरातून त्या घरात
काळ्या तारांचे झुबके, इतके खाली लोंबलेले
की माझे दोन्ही हात आपोआप वर गेले,
रिकामेच.
दुसऱ्या मजल्यावर दात घासणाऱ्या एका पोरीनं पाहिलं
आणि तिनंही हात वर केले, ब्रशसकट.

इथं एक दगड आहे म्हणतात,
चार घोड्यांजवळ,
तिथून सगळ्या गावांची अंतरं मोजली.
बघायला गेलो नाही.
माझी मोजणी वेगळी आहे:
दोन हजार सातशे चार तारा,
एकही तुटली नाही.

नाही, एक तुटली.
देवरीच्या अलीकडे, रात्री दीडला.
डावीकडचं एक गाव विझलं
आणि कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.
आम्ही थांबलो नाही. ताशी पाच.
गावाचं नाव मी कुणाला विचारलं नाही.

कोराडी अजून तीन रात्री.
दुपारच्या बसनं पारडीला परत आलो.
बांबू होता तिथंच होता.
कुणीतरी त्यावर
ओला टॉवेल वाळत घातला होता.